गवतावरचं किमान

१४ ऑक्टोबर १९७५
ताडकळसजवळच्या वेधशाळेत आज रुजू झालो. जागा छान आहे. दोन खोल्या, समोर तारेच्या कुंपणात हिरवं गवत, पांढरी जाळीची पेटी, पावसाचं माप. खांबावरचा फिरता बाण बघून माझी लेक फुला हसली. तिची आई, छबू, वारली त्याला दोन महिने झाले, त्यानंतर पहिल्यांदाच. पाच वर्षांची आहे. शिपाई लिंबाजीने चहा आणला. औंदा थंडी कशी पडंल सांगा साहेब, हरभरा पेरायचाय, म्हणाला. अजून ट्रंकासुद्धा उघडल्या नाहीत, असं म्हटलं, तर म्हणे मग चहा पिऊन सांगा.

१७ ऑक्टोबर
वरच्या कचेरीचं पत्र. जानेवारीच्या थंडीचा अंदाज आतापासून बांधायचा आहे. हिमालयातला बर्फ, समुद्राचं पाणी किती तापलं, ते तिकडे बघतात. आमच्याकडून रात्रीचं किमान तापमान हवं. एक थर्मामीटर पेटीत, दुसरा उघड्यावर, गवताला टेकवलेला. गवतावरचा तीनेक अंश कमी दाखवतो. आकाश मोकळं आणि हवा कोरडी असली की फरक वाढतो. तो वाढत गेला तर पुढे थंडी कडक.

१९ ऑक्टोबर
छबूची राख डब्यात होती. नदीत सोडायला मन होईना. कुंपणात ढोरं शिरत नाहीत, रोज पाणी मिळतं. गवतावरच्या थर्मामीटरखाली उकरून पुरली. नियमात बसत नाही. फुलालाही सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर
पेटीत १७, गवतावर १२. फरक पाच. लिंबाजी खूश. बी आणायला परभणीला जायलोय म्हणाला.

३ नोव्हेंबर
फरक नऊ. पण रात्रभर ढग होते. ढगात फरक वाढत नसतो. थर्मामीटर बदलला. नवाही तेच दाखवतो. त्याच्या भोवती दंव पडलं होतं, बाकी कुंपणात कुठेच नाही. दंवाचा आकार लांबट. माणूस कुशीवर निजल्यासारखा.

४ नोव्हेंबर
फुलाने विचारलं, आईला वाकळ का दिली न्हाई, तिला लय गार लागायलंय.
कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाली, आईनंच.
छबू गेली त्या दिवशी ती तापात थरथरत होती. ताप उतरावा म्हणून मीच तिच्या अंगावरची वाकळ काढून घेतली होती. पुन्हा घातली नाही. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

६ नोव्हेंबर
फरक अकरा. राख दुसरीकडे नेऊ म्हणून भर दुपारी उकरलं. राख नाही. कोपरभर खोल गेलो. नुसती माती, बर्फासारखी. बोटं अजून सुन्न आहेत.

७ नोव्हेंबर
छबूची वाकळ गवतावर पांघरून आलो. रजिस्टरात खोटा आकडा लिहिला. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिला.

८ नोव्हेंबर
वाकळ उंबऱ्यावर. चौपदरी घडी, टोक आत दुमडलेलं. छबू घालायची तशी.
तिला वाकळ नको आहे.
फुलाचे पाय गार. ताप मोजायच्या थर्मामीटरवर पारा हलतच नाही.

९ नोव्हेंबर
फरक चौदा. लिंबाजी गवताकडे बघून मागे सरला. साहेब, पोरीला घेऊन निघा, थंडीचं मी बघतो, म्हणाला. नऊच्या एसटीने परभणीला दवाखान्यात— आज रविवार, गाडी नाही. उद्या.
फुलाला दोन पांघरुणांत घट्ट धरून बसलोय. ऊब टिकत नाही. ती थरथरतही नाही. म्हणते, आई जवळ घेती.

१० नोव्हेंबर
ट्रंक बांधली. फुला बाजेवर, डोळे मिटून. श्वास आहे. साडेआठचं वाचन घेतो आणि निघतो. आजवर एकही चुकवलं नाही.

वही गवतातच—
पेटीत १५.
गवतावर ३७. पुन्हा बघितलं. ३७. माणसाच्या अंगाइतकं.
दंव नाही. गवत दबलेलं, कोमट.
तिला आता गार लागत नाही.
फुला— हाक मारतोय. दार उघडंच आहे, दहा पावलांवर— ओ देत ना