दोन पावडरी, अकरा जिताडे

२२ ऑगस्ट १९५४, मानपाडा
लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, भातावर अळी पडली की दोघी लागतात, एक या बांधावर, एक त्या. मग थोरली जाऊ मनुबाई आणि मी काथ्याची दोरी पिकावरून ओढत न्यायचो. अळ्या खाली पाण्यात पडायच्या. तळ्याचं तोंड उघडलं की मासे शेतात येऊन त्या खायचे.
आज पुन्हा अळी. पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात. पण दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हापासून मनुबाईचं नि माझं बोलणं नाही. तळं तिच्याकडे गेलं. काही अडत नाही. आता सायन्स आहे.

२३ ऑगस्ट
कल्याणहून डी.डी.टी. आणि बी.एच.सी., दोन्ही पावडरी आणल्या. दुकानदार म्हणाला, ताई, एका वेळी एकच वापरा, आणि पाण्यापासून लांब. मी सातवी पास आहे हे त्याला माहीत नसावं. एकीने अळी बेशुद्ध पडेल, दुसरीने मरेल. कॉम्बिनेशन.
निश्चय: मनुबाईला हाक मारायची नाही.

२४ ऑगस्ट, सकाळी सहा
मिश्रण फडक्यात बांधून, काठीने ठोकत शेतभर फिरले. एकटीने. शिंका फार आल्या, म्हणजे माल अस्सल. मनुबाई बांधावर होती. माझ्याशी बोलत नाही म्हणून आपल्या म्हशीला म्हणाली, बाय गो, तळ्याची बाजू तरी सोड, शकूच्या हळदीचं जेवण हाय त्यात. शकू तिची मुलगी, लग्न माघात. हळदीसाठी तीन वर्षं वाढवलेले अकरा जिताडे मासे आहेत तळ्यात.
म्हशीने ऐकून घेतलं. मी तळ्याची बाजूही ठोकून काढली.

२५ ऑगस्ट
अळ्या कमी वाटतात. निदान सुस्त वाटतात. हे मोहने गावच्या कारखान्यातून आले, म्हणाले, मोजल्यास का? बायकोवर विश्वास म्हणून नाही.
दुपारी जोराची सर. शेतातलं पाणी बांधावरून तळ्यात गेलं. पाण्याचा स्वभावच तो.

२६ ऑगस्ट
सात जिताडे उलटे तरंगताहेत. ऊन फार झालं असेल.
संध्याकाळी: ऊन पडलंच नव्हतं.

२७ ऑगस्ट
अकराही गेले. मनुबाईने खड्डा खणून पुरले, कुणाला खाऊ दिले नाहीत. मी उत्तरं तयार ठेवली होती: उष्मा, साचलेलं पाणी, मासेच म्हातारे. ती भांडलीच नाही. शकूला काय सांगू, एवढंच म्हणाली. या वेळी म्हशीकडे बघूनसुद्धा नाही.

२९ ऑगस्ट
पावडर पावसाने धुऊन नेली. अळ्या आहेत तशाच, आता मनुबाईच्या भातातही शिरल्यात. दोघींचं वर्ष जाईल. तिसरी पावडर मिळेल का, असं मनात आलं आणि लाज वाटली.
दुकानदाराचं मी नीट ऐकलं होतं. पावडर मारताना भरून आलेलं आभाळही दिसलं होतं.

३० ऑगस्ट, सकाळ
माळ्यावरची दोरी काढली. उंदरांनी एके ठिकाणी कुरतडली आहे, गाठ मारली. मासे नाहीत, तेव्हा पडलेल्या अळ्या हातानेच वेचाव्या लागतील.
आता तिच्या गोठ्यापाशी जाऊन उभी राहते. ती नाहीच म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. तरी वाक्य लिहून नेते, ऐनवेळी शब्द फिरवायची मला सवय आहे.
मनुबाय, मासे मी मारले. आधी तुझ्या शेतात ओढू. दोरीचं दुसरं टोक धरशील का?