दारातला शब्द

१२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकटे,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत आहोत. पत्राच्या सुरुवातीला असंच लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. तुझे भावोजी दुखरा गुडघा घेऊन बस चालवतात आणि घरी आले की माझं डोकं खातात. मी दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळते. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. कागदाला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला.

मुंगीचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझी लेक पहिलीत चांगली रुळली आहे. काना, मात्रा, वेलांटी सगळं येतं, फक्त जोडाक्षर आलं की पुढचे दात पडलेल्या फटीतून नुसती हवा सोडते. रस्त्यातली प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. केस कापायच्या दुकानाशी आमची गाडी रोज अडते. परवा तो न्हावीच कात्री घेऊन बाहेर आला आणि तिला अक्षरं फोडून देऊ लागला. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी वाट बघत बसलं होतं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

शनिवारी त्यांच्या वर्गात वाचनाचा कार्यक्रम होता, त्याचं मी तुला तीनदा कळवलं होतं. असो. त्याआधीचं सांगते.

गेल्या आठवड्यात वर्गाच्या बाईंनी मला शाळा सुटताना थांबवलं. मला वाटलं, मुंगीनं कुणाला चावलं असेल. तर तसं नव्हतं. बाई चित्रं दाखवून क्रियापदं शिकवत होत्या. एका चित्रात दार होतं, दारात पाठमोरी बाई, तिच्या हातात बॅग. सगळा वर्ग म्हणाला, ती जाते. आपली मुंगी म्हणाली, ती येते. बाईंनी पुन्हा समजावलं, जाऊन दाखवलं, येऊन दाखवलं. पण ही आपली अडूनच. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "बॅग घेऊन दारात उभं राहिलं की येते म्हणतात. माझी आई म्हणाली होती."

बाई मला हे हसत हसत सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, मीसुद्धा रोज घरातून येते म्हणूनच निघते, मग हिला चूक कसं म्हणू? निघताना जाते म्हणू नये, हे आपल्याला आईनं चापट मारून शिकवलं होतं. तू फक्त शिकल्याप्रमाणे वागलीस. शाळा सुरू व्हायच्या आधी तू निघालीस, बॅग खाली न ठेवताच तिचा पापा घेतलास आणि म्हणालीस, "येते हं." तिनं ते खरं धरलं. सहा वर्षांच्या पोरीनं आणखी काय करायचं होतं?

तर शनिवार. वर्गात मुलांच्याच बुटक्या खुर्च्या मांडल्या होत्या. मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. प्रत्येक मुलानं आपल्या पाहुण्याचं चित्र काढून खुर्चीला चिकटवलं होतं. मी माझी खुर्ची शोधत फिरले. मुंगीच्या खुर्चीवरच्या चित्रात लांब वेणीची बाई होती, हातात बॅग. मला वेणी नाही, हे तुला माहीत आहे. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. कुणाचे तरी बाबा त्या खुर्चीवर बसायला गेले, तर मुंगीनं त्यांना अडवलं आणि शांतपणे सांगितलं की माझी आई येते म्हणालीय. ते बिचारे सॉरी म्हणून उठले.

तिची पाळी आली. वाक्य सोपं होतं, झाडावर लाल फळ आहे. एकदाही न अडखळता वाचलं गं तिनं. वाचलं रिकाम्या खुर्चीकडे बघून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. कार्यक्रम संपून शाळेची शिपाईण झाडायला आली, तरी ही खुर्चीपाशी उभी. मग स्वतःच नखानं चिकटपट्टी काढली, चित्राची घडी केली आणि म्हणाली, "मावशी, चल."

मला तुला रागवायचं नाही. मुंगीचे बाबा वारले तेव्हा ती रांगतही नव्हती, आणि तुझं वय ते काय. तू पुन्हा संसार मांडावास असं सगळ्यात आधी मीच म्हणाले होते. तुला माणूस चांगला मिळाला, हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. फक्त हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळायला नको होतं. आणि तिनं पुढचं जे सांगितलं ते इतके दिवस माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. तुला मूल आहे हे तुझ्या नव्या घरच्यांना ठाऊकच नाही. तू सांगितलेलंच नाहीस. तुझ्या घरात मुंगीचा फोटो नाही, कपडा नाही, नाव नाही. मी हे भावोजींनाही सांगितलेलं नाही. सांगून काय करू? ते बस घेऊन तुझ्या दारात उभे राहतील, आणि मग तुझा तोही संसार मोडेल. आणि मुंगीला तर काय सांगू तेच सुचत नाही.

आज सकाळचं लिहायचं होतं, त्यासाठीच खरं तर बसले. शाळेच्या फाटकाशी तिची पिशवी तिच्या खांद्यावर दिली आणि नेहमीसारखं म्हणाले, "येते गं."

तिनं माझी बाही पकडली. म्हणाली, "येते नको म्हणू. जाते म्हण."

मी म्हटलं, असं म्हणत नाहीत बाळा.

"येते म्हणतात ते येत नाहीत," ती म्हणाली. "तू जाते म्हण."

घंटा झाली होती, मागून मुलं ढकलत होती. ती बाही सोडेना. माझी जीभ रेटेना, पण म्हणाले. जाते. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि ती उड्या मारत आत गेली. मी दुकानात गेले, एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची काच उलटी बसवली, आणि अर्धी रजा टाकून शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी जाऊन उभी राहिले. बाहेर येऊन मला बघितलं तर म्हणाली, बघ, आलीस की नाही. आता घरात तोच नियम झालाय. संध्याकाळी भावोजी ड्यूटीवर निघाले, तर त्यांनाही जाते— जातो म्हणायला लावलं. ते बिचारे आढ्याकडे बघून म्हणाले.

मी तुला लिहिणार होते की येणार नसशील तर तसं तिला तूच सांग, माझ्याच्यानं होत नाही. फोन कर, एकदाच सरळ म्हण की मी गेले, मी आता तिकडची झाले. पण आता कसं म्हणशील? येते म्हणालीस तर ती समजेल की तू येणार नाहीस. जाते म्हणालीस तर उद्यापासून पुन्हा खुर्ची अडवून ठेवेल. तिला कळेल असं तुझ्यापाशी काही उरलेलं नाही, माझ्यापाशीही नाही.

ती आत जेवायला बोलावते आहे. पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवत नाही, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको. बघ, मीसुद्धा तिला लपवायलाच लागले.

तुझी,
आणि आता तिचीही,
ताई