शिंप्याचा तळवा

४ मार्च, सोमवार
मधुमेहवाल्यांच्या गटात पहिल्यांदा गेलो. डॉक्टरांनी पाठवलं, बायकोने ढकललं. वीस वर्षं शुगर आहे, मन ठणठणीत. तरी म्हणे मनाला आधार हवा. दवाखान्याचा तळमजला, दहा खुर्च्या, एक समुपदेशक बाई. पद्धत विचित्र. आधी सगळ्यांनी मोजे काढून शेजाऱ्याचा तळवा बघायचा. स्वतःचा दिसत नाही, आणि बधिर झाला तर दुखतही नाही, म्हणून. माझ्या शेजारी एक रिटायर्ड शिंपी. माझ्या टाचेला भेग आहे, हे त्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं. शिवाय बाहेर थांबलेल्या बायकोला, वहिनी, भाऊंकडे लक्ष ठेवा, म्हणाला. वहिनी कुणाची, भाऊ कुणाचा!

५ मार्च
बायकोने लक्ष ठेवलं. बिस्किटांचा डबा शेजारणीकडे गेला. शिंप्याला सोडणार नाही. संकल्प: त्याच्या पायात खोट काढायची, तीही भर गटात.

११ मार्च, सोमवार
टॉर्च आणि भिंग घेऊन गेलो. शिंप्याचा तळवा तान्ह्या बाळासारखा. हात हलवत परत. माझा पाय दाखवला नाही. बायको रोज बघते, असं गटात सांगितलं. घरी सांगितलं, शिंपी बघतो. डोकं लागतं.
बाई म्हणाल्या, रागाच्या खाली बहुतेकदा भीती असते. माझ्या रागाखाली रागच आहे, थेट तळापर्यंत.

१४ मार्च
नवे बूट घेतले. टोकदार. शत्रूसमोर रुबाब हवा. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठा घ्या. माझं माप मला लोकांनी सांगितलेलं खपत नाही.

१८ मार्च, सोमवार
दिवसभर बूट. मेव्हण्याला नवे बूट आठवडाभर चावतात, मला काही म्हणजे काही झालं नाही. सहनशक्ती असावी लागते. शिंपी गैरहजर. मला घाबरला असणार.

२५ मार्च, सोमवार, दु. ४.१०
सापडला! शिंप्याच्या अंगठ्याच्या खाली टाचणी. पार रुतलेली, आणि त्याला पत्ता नाही. मी आनंदाने ओरडलोच. दुसऱ्याच्या टाचा बघणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पायाखाली बघावं, असं भाषण पाठ करून ठेवलं होतं. तेवढ्यात शिंपी रडायला लागला. जन्म टाचण्यांत गेला आणि टाचणी कळली नाही, म्हणाला. नर्सने ती काढेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. टाळ्या मला. बाई म्हणाल्या, तुम्ही या गटाचे डोळे. सुडाचा पार विचका.

२६ मार्च
शिंप्याचा आभाराचा फोन. मी उचलला नाही, म्हणून बायकोने घेतला, स्पीकरवर. माझं तोंड भरून कौतुक केलं मेल्याने. शेवटी म्हणाला, वहिनी, तुम्हीही रोज भाऊंचा पाय बघता म्हणे, नशीबवान आहेत. बायको म्हणाली, मी कुठे, तुम्ही बघता ना? आणि फोन ठेवला.
तिने मला खुर्चीत बसवलं. उजवा मोजा निघेना. पाण्याने भिजवून काढला. करंगळी काळी पडली होती. सहनशक्ती म्हणे. ती एका शब्दाने रागावली नाही. तेव्हा मीच म्हटलं, रिक्षा बोलाव.

२८ मार्च, वॉर्ड
करंगळी उद्या काढणार. बाकीचा पाय वाचेल, असं सर्जन म्हणतात. नंतर हळूच ‘बहुतेक’ जोडलं. भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. बाईंना सांगायचं नाही.
संध्याकाळी शिंपी लंगडत आला. आता सगळ्या वॉर्डासमोर मला सुनावायची आयती संधी होती. मी असतो तर सोडली नसती. त्याने स्टूल ओढलं, चष्मा पुसला, माझं भिंग मागून घेतलं आणि डावा तळवा बघायला लागला. काही नाही, म्हणाला.
मी म्हटलं, परत बघा.