पिशवीत नसलेली पाल

यशवंतपूर, बंगलोर
८ ऑगस्ट १९९४

ती. वासंतीआत्यास,
श्वेताचा सलाम. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. फ्लॅनेलचा फळा भिंतीला टांगला आणि काल संडे स्कूलमध्ये शलमोनाचे ते चार लहान पण शहाणे प्राणी शिकवायला घेतले. कापडातून कापलेली मुंगी फळ्याला चिकटली, डोंगरातला ससा चिकटला, टोळही चिकटला. पाल मात्र नाहीच. राजसने पिशवी उलटी करून झटकली. जन्मभर मुलांना शिकवलेल्या आत्याआजीचा प्राणी हरवतोच कसा, असं तो विचारतोय. आठवं लागल्यापासून आमच्या चिरंजीवांना प्रश्नाशिवाय घास गिळवत नाही.

मग अंगणातल्या मुंग्यांपुढे रवा आणि गूळ ठेवला आणि सगळी मुलं पोटावर पडून बघत बसली. घरमालकीण अहल्याअक्का आपल्या नातीला, सौम्याला, वर्गात पाठवतात. त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. मुंग्यांना पंगत घालणारी शाळा पहिल्यांदाच पाहिली म्हणाल्या, आणि आणखी स्वल्प गूळ आणून दिला.

शुक्रवारी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मागच्या वेळी एक डोळा गेला, आता हा एवढाच उरलाय. माझा जीव टांगणीला लागलाय. मी येऊ का विचारलं की तू नको म्हणतेस. निदान कुणाकडून तरी दोन ओळी लिहवून पाठव.

माया आहेच, पत्रातूनही येऊ दे.
तुझी श्वेता


अहमदनगर
१६ ऑगस्ट १९९४

चि. श्वेता हिस,
अ. उ. आ.

ते चार प्राणी शलमोनाचे नव्हेत, आगूराचे. नीतिसूत्रांचा तिसावा अध्याय उघडून बघ. संडे स्कूलच्या बाई ना तू?

आता पालीचं. ती हरवलेली नाही, मी ती कधी कापलीच नाही. हातात धरता येईल एवढीशी, तरी राजवाड्यात राहते, म्हणून आगूराला तिचं कौतुक. मला तिच्या नुसत्या आवाजाने शहारे येतात. तीन प्राणी झाले की मी घंटा वाजवून मुलांना घरी सोडत असे.

आणि रागावू नकोस, ऑपरेशन झालं नाही. पिशवी भरून उंबऱ्यापर्यंत आले आणि डोक्यावर पाल चुकचुकली. लोक अशा वेळी जमिनीवर बोटं आपटून कृष्ण कृष्ण म्हणतात. आमच्या आईने बाप्तिस्मा घेतल्यावर कृष्णाच्या जागी येशू आणला, बोटं तीच ठेवली. मीही येशू येशू म्हणत बोटं आपटली आणि माघारी फिरले. डॉक्टर चिडलेत. आता २१ सप्टेंबर, त्यापुढे ढकललं तर डोळ्याची खात्री नाही म्हणतात.

ओळी वाकड्या आल्या असतील. मुलांना यातलं काही सांगू नकोस, हसतील.

राजसच्या गालाला हात लावून माझी आठवण दे.
आत्या


यशवंतपूर, बंगलोर
२९ ऑगस्ट १९९४

ती. आत्यास,
सलाम. वि. वि.

मी सांगितलं नाही, पण राजसने पत्र स्वतःच वाचलं आणि रविवारी सगळ्या वर्गाला सांगितलं. कुणी हसलं नाही. उलट मोठा पेच पडला, कारण सौम्या म्हणाली, आमच्या आजीची पाल तर चांगली असते. अक्कांकडे बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं. अक्का लगेच सरी, म्हणजे बरोबर, म्हणून मान डोलावतात. म्हणजे नगरची पाल नको म्हणते आणि बंगलोरची हो म्हणते. यातली खरी कुठली?

मग मुलांनी पालीचीच परीक्षा घेतली. रोज दिवेलागणीला व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली चटई टाकून बसायचं आणि पालीला खरंखोटं ऐकवायचं. सौम्याने गोकुळाष्टमीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी उद्या शाळा आहे असं ठोकून दिलं, तरी पाल चुकचुकली. अक्का जरा हिरमुसल्या, मग म्हणाल्या की पालीला सुट्ट्या कुठून कळणार. शेवटी मुलांच्या ध्यानात आलं की दुसरी पाल किड्यांवर डोळा ठेवून जवळ आली की ही ओरडते. राजसचं म्हणणं, ती आपल्याशी बोलतच नाही, तिचं ती भांडत असते.

राजसच्या बाबांच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टातून मुलांनी कापलेली पाल सोबत पाठवते आहे. शेपूट जरा जास्तच लांब झालंय.

राजसने एक प्रश्न लिहायला लावलाय. मी त्याला दटावलं, पण तो हटत नाही. आत्याआजी पालीला भ्यायली की ऑपरेशनला, हे त्याला जाणून घ्यायचंय.

उत्तर दे, आणि मुलाला माफ कर.
तुझी श्वेता


अहमदनगर
६ सप्टेंबर १९९४

चि. श्वेता हिस,
अ. उ. आ.

राजसला सांग, ऑपरेशनला.

पाल चुकचुकली नसती तरी मी परत फिरले असते. मांजर आडवं गेलं म्हणाले असते, नाहीतर रिक्षाच मिळाली नाही म्हणाले असते. मागच्या वेळी पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी बोटं किती म्हणून विचारलं. मी अंदाजाने दोन म्हणाले. समोर अंधार होता, श्वेता. खोलीत माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं, आणि तसं मीच ठरवलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही.

तुला नको म्हणत आले, कारण भिऊ नका म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत आलेली बाई खाटेवर रडताना तू बघू नयेस असं वाटत होतं. आता वाटतं, बघितलंस तर बघ.

एकवीस तारखेच्या आधी ये. पट्टी सुटेल तेव्हा दिसेल की नाही ते प्रभू जाणे, पण तुझा हात माझ्या हातात पाहिजे. राजसलाही आण. त्याची शाळा बुडाली तर बुडू दे.

वाट पाहते.
तुझी आत्या