पुण्यास गेलेली नाळ

४ नोव्हेंबर १९९६
प्रियदर्शनी पुण्याहून आली. हातात प्रयोगशाळेचा बर्फाचा डबा, आणि तोंडात ‘त्वचा उगवल्या जाते’! ‘त्वचा उगवते,’ मी म्हणालो. ‘आबा, निदान चप्पल तरी काढू द्या!’

लेकीचे काम आज प्रथमच नीट उमगले. ती काचेच्या थाळीत माणसाची त्वचा वाढवते. पुढेमागे भाजलेल्यांना लावता यावी म्हणून. पातळ थर जगतो. जाड केला की आतून मरतो — रक्त पोहोचत नाही. म्हणून तिला त्या थराच्या आतच रक्तवाहिन्या वाढवावयाच्या आहेत. त्यासाठी लागणाऱ्या पेशी नवजात बालकाच्या नाळेतून मिळतात.

माझी मुलगी रक्तास वाट करून देत आहे! हे वाक्य पुनःपुन्हा वाचले. एकही शब्द बदलावासा वाटत नाही.

५ नोव्हेंबर
डबा कशासाठी आणला, ते जेवताना कळले. सुनेचे — रेश्माचे — दिवस भरले आहेत. प्रियदर्शनीने तिची नाळ मागितली. तिच्या भावाने, कपिलने, हातातला घास खाली ठेवला.

‘पुण्यात बाळंतिणी नाहीत का गं?’

‘आहेत. पण नाळ पुरायची म्हणून घरचे परत मागतात. परवा एका आजीनं तोंडावर विचारलं — तुझ्या घरची दिलीस का? काय सांगू रे दादा?’

कपिलने अंगणात, कुंपणाजवळ, खड्डा आधीच खणून ठेवला आहे.

छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून असल्या रूढी मी मानीत नाही. तथापि माझी नाळ शिराळ्याजवळ, गावकुसाबाहेर, दुसऱ्याच्या जमिनीत आहे. कपिलची भाड्याच्या खोलीमागे. विश्रामबागेतील ही जागा माझ्या नावावर आहे. आपल्या स्वतःच्या मातीतील ही पहिली नाळ ठरली असती.

६ नोव्हेंबर
बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी दोनदा खड्ड्यापाशी जाऊन आलो.

७ नोव्हेंबर
सायंकाळी शेजारचे सुभेदार हंबीरराव आले. सैन्यातून निवृत्त, तासगावास वडिलोपार्जित द्राक्षबाग. त्यांचीही सून याच आठवड्यात, त्याच दवाखान्यात बाळंत व्हायची आहे. आमच्या घरातील वाद त्यांना भिंतीपलीकडून ऐकू गेला होता.

‘मास्तर, लेक काय सोनं मागती व्हय?’

मी खड्डा दाखविला.

‘आवं, लडाखला असताना पोरांची बोटं काळी पडून गळताना बगितल्यात म्या. रगत पोचलं न्हाई की माणूस तुकड्यातुकड्यानं मरतो. जमीन कुटं पळून जात न्हाई!’

‘ज्यांच्या साऱ्या पिढ्यांच्या नाळा स्वतःच्या शेतात आहेत, त्यांना हे म्हणणे सोपे आहे, सुभेदार!’

बोलून गेलो. ते उभे राहिले, टोपी नीट केली आणि निघून गेले. वाक्य निर्दोष होते. तरी जेवण गेले नाही.

९ नोव्हेंबर
नात झाली! रेश्माने आत जाण्यापूर्वीच निकाल दिला — ‘ताई, डबा आणलाय न्हवं? मग घिऊन जावा. बाळ माझं, नाळ माझी. ह्या बापलेकांना बसू द्या खड्ड्याची राखण करत!’ कपिलसुद्धा हसला.

नाळ मात्र फार बारीक निघाली. पेशी पुरतील की नाही, याची प्रियदर्शनीस धास्ती आहे. डबा मांडीवर घेऊन बसली आहे. खाली ठेवीत नाही.

१० नोव्हेंबर
सकाळी ती एस.टी.स निघणार, तोच हंबीरराव दारात. रात्री त्यांना नातू झाला. हातात दवाखान्याची बंद बाटली — प्रियदर्शनीने नर्सपाशी जादा ठेवलेली तीच.

‘बाई, आमची बी न्या.’

माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मी पाहत होतो.

२ डिसेंबर
प्रियदर्शनीचा फोन! जाड थराच्या आत पोकळ नळ्यांचे जाळे उभे राहिले. ‘रक्त अजून वाहिलेलं नाही, आबा, गावभर सांगत सुटू नका,’ असे बजावून म्हणाली. परंतु वाट झाली! गावभर सांगितले. बोलण्याच्या भरात ती ‘नळ्या बनल्या गेल्या’ म्हणाली, तेही दुरुस्त केले. आनंदाच्या दिवशी व्याकरणास सुटी नसते!

कपिलने खड्डा बुजविला.

१४ डिसेंबर
टपालाने छायाचित्र आले. द्राक्षवेलीच्या काड्यांसारख्या, एकमेकींस जाऊन मिळालेल्या नळ्या. मी ते स्वतः हंबीररावांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला.

‘यातली आमची कुटली, मास्तर, न् तुमची कुटली?’

त्यांच्याच फोनवरून प्रियदर्शनीस विचारले. ‘एकेका नाळेतल्या पेशी पुरत नव्हत्या, आबा. पहिल्याच दिवशी एकत्र केल्या. आता मलासुद्धा वेगळ्या दाखवता येणार नाहीत.’

शब्द न बदलता त्यांना सांगितले. त्यांनी छायाचित्र खिडकीच्या उजेडात धरले.

‘मग एक फोटो कसा पुरंल, मास्तर? आनी एक मागवा.’