चिकटपट्टी लावलेली कॅसेट

दादा,

नमस्कार. मी इकडे मजेत आहे. बाबांना दिसायला थोडं तरी लागलं का?

घरून आणलेल्या आईच्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवतेय. तिच्या अंगाईची काल लावली. ती कुणी पुसू नये म्हणून कडेचा प्लास्टिकचा तुकडा मीच मोडला होता. त्या भोकावर कुणीतरी चिकटपट्टी लावलीय, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करता येतं. आत तुझी गाणी! सुरुवातीला फक्त आई बोलते, "पूस रे बाळा, माझं कोण ऐकतंय?"

आणि आई गेल्यावर बाबांनी ही कॅसेट मागितली, तर तू सांगितलंस, तिला बुरशी लागली.

हे पत्र त्यांना नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखव. काही गाळू नकोस. याचीच नक्कल शेजारच्या काकूंना पाठवलीय, त्याही वाचून दाखवायला येणार आहेत.

तुझीच लाडकी,
धाकटी