आमच्या लॉरीला औषध लागत नाही

नाशिक, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८६०

इगतपुरीच्या रेल्वे चाळीचे भूषण आणि आमच्या कुटुंबाचे थोरले बंधू राजश्री चिमाजीराव पाव्हणे यांना नाशिकच्या सावळीरामचा, वाकून नव्हे पण हात जोडून, रामराम.

तुमच्याकडे पाऊस कसा आहे ते विचारत नाही. इगतपुरीला तो कसा असतो हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. वहिनीसाहेबांचा गुडघा काय म्हणतो? तुमचा खोकला कसा आहे? (खोकल्यावर तुमच्या त्या बाटलीतलं औषध घेऊन पाहिलंत का? लोखंडाला सोसतं म्हणता, मग माणसाला काय बाधणार?) इकडे सर्व क्षेम. सर्व म्हणजे मी, आमचा बारकू आणि डिझेल लॉरी. चौथं माणूस हरतालिकेच्या सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे आलं, त्याला आज सतरा दिवस झाले. नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास धरायचा आणि तो सोडायचा माहेरी, ही रीत मला तरी नवीच. निघताना तुमची बहीण नवसाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "माझ्या भावाचं औषध लॉरीच्या पोटात रीतसर जाईल, त्या दिवशी मी ह्या घरात पाऊल टाकीन." माझं उत्तर तेव्हा जे होतं तेच आज लेखी देतो. जाणार नाही. तुम्ही ते फ्रेम करून भिंतीवर लावलंत तरी हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही रेल्वेच्या गुदामात कारकून, आणि फावल्या वेळात मुंबईच्या कुठल्याशा कारखान्याच्या 'यंत्रसंजीवनी'चे एजंट. पोळ्याला बहिणीकडे आलात ते डझनभर बाटल्यांची पेटी घेऊन. (लोक पेढे आणतात.) बाटलीवर हनुमान डोंगर घेऊन उडतो आहे आणि डोंगरावर झाडपाल्याच्या ऐवजी लॉरी उभी आहे. खाली लिहिलं आहे की चार गॅलन डिझेलला एक चमचा घातलं की धूर जातो, इंजिन तरुण होतं, आणि अगदी बारीक अक्षरात, ढेकूणही मरतात. मरत असतील बापडे. आमच्या लॉरीत ढेकूण नाहीत. तुम्ही ओट्यावर बसून, पुरणपोळीवर तुपाची धार घेत घेत सांगितलंत की ज्याच्याकडे डिझेलची गाडी आहे त्यानं हे घातलंच पाहिजे, न घालेल तो मूर्ख. अहो, का घातलंच पाहिजे? इंजिनाबरोबर विलायतेहून आलेलं पुस्तक मी हायस्कुलातल्या एका मास्तरांकडून पहिल्या पानापासून वाचवून घेतलं आहे. त्यात सांगितलं आहे की तेल स्वच्छ असावं, तेलात पाणी नसावं आणि नळ्यांत हवा नसावी. संजीवनीचा शब्द नाही. शेवटच्या पानावर कारखान्याचा पत्ता आहे, तिथंही नाही.

पुस्तक साहेबाचं म्हणून सोडून द्या. आमचे महेबूब मिस्त्री तर भद्रकालीतले आहेत ना? आख्ख्या नाशकात डिझेलचं इंजिन उघडून पुन्हा मिटवता येणारा तो एकच माणूस. (उघडणारे पुष्कळ आहेत.) त्यांचं सांगणं साधं. पिंप दोन दिवस जागचं हलवू नका, गाळ आणि पाणी तळाला बसू द्या, वरचं तेल जाड कापडातून गाळून घ्या, आणि इंजिनाची गाळणी वेळच्या वेळी धुवा. मी त्यांना तुमची बाटली दाखवली तर त्यांनी ती उजेडात धरली, हुंगली आणि परत दिली. "शेठ, दूध चांगलं असेल तर त्यात काय घालायचंय? आणि नासलेलं असेल तर काय घालून सुधारणार?" एवढंच बोलले. मला ते पटलं. मी त्या दिवसापासून माझी दोन जुनी धोतरं तेल गाळायला काढली आहेत, आणि तिसरं चुकून नवं गेलं.

आता पोळ्याच्या दिवशी काय झालं ते ऐका, कारण तुमच्यापर्यंत ते एका बाजूनंच आलं असणार. बारकू पेठ तालुक्याकडचा, डोंगरातला म्हातारा माणूस. वीस वर्षं त्यानं आमचे बैल सांभाळले. बैल गेले, लॉरी आली, बारकू तसाच राहिला. त्याच्या लेखी लॉरी म्हणजे जनावरच, फक्त शेण टाकत नाही. त्यानं तिला सकाळी धुतली, गेरू लावला, पुढच्या दोन दिव्यांच्या मध्ये बाशिंग बांधलं आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. इथपर्यंत मीही खूश होतो. तुम्ही आणि मी ओट्यावर हमरीतुमरीवर आलो होतो, तेवढ्यात तुमच्या बहिणीनं गुपचूप एक बाटली बारकूच्या हातात दिली आणि म्हणाली, लॉरीला घाल एवढं. किती, कसं, काही सांगितलं नाही. (मी नको म्हटलं होतं, हे लक्षात असू द्या.) बारकूनं आधी लॉरीच्या टोपणावर हात ठेवून पाहिला. "ताप तं नाय हिला," म्हणाला, पण मालकिणीचा हुकूम. आणि कडू औषध जनावर नुसतं घेत नाही हे त्याला वीस वर्षं ठाऊक. म्हणून त्यानं सबंध बाटली तिळाच्या तेलात ओतली, त्यात गूळ कालवला, चिमूटभर हळद टाकली, सण म्हणून मूठभर पुरण कुस्करलं, आणि बैलाला पाजायची बांबूची नळी टाकीत घालून सगळं आत सोडलं. वर तिच्या मडगार्डावरून हात फिरवत "पी बाय, पी" असंही म्हणाला. लॉरीनं तक्रार केली नाही.

तक्रार दुसऱ्या दिवशी केली. लासलगावचा कांदा भरून, बारकूला बरोबर घेऊन मी इगतपुरीकडे निघालो होतो. वाडीवऱ्ह्याच्या पुढं चढावर तिनं तीन उचक्या दिल्या आणि बसली. वरून धो धो पाऊस. ताडपत्रीखाली कांदा, ताडपत्रीवर मी. शेवटी गावातला एक शेतकरी चार बैल घेऊन आला. बैलांची शिंगं कालच रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर हिंगुळाचे ठसे. त्या चौघांनी माझी लॉरी, माझा कांदा आणि माझी अब्रू, तिन्ही एकदम ओढत गावात मारुतीच्या देवळापाशी आणली. बैल देऊन मी लॉरी घेतली ही बातमी त्यांना कुणी दिली होती देव जाणे, पण दर दहा पावलांवर मान वळवून ते माझ्याकडे बघत होते. लोक तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभेच होते. एक आजीबाई लॉरीला ओवाळायला निघाली.

निरोप मिळताच दुपारच्या मोटारीनं महेबूब मिस्त्री आले. गाळणी उघडली तर आत चिक्की झालेली. त्यांनी बोटाला लावून चाटलं, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "शेठ, वेलदोडा आहे." मग पुन्हा चाटलं. "जायफळही आहे. पोळी कुणी केली होती?" मी खाली बघून गाळणी पुसायला घेतली. बारकू मात्र मान वर करून म्हणाला, "मंग कडू कसं गिळलं असतं तिनं?"

घरी आलो तर तुमच्या बहिणीचं म्हणणं, बघा, गुळानं घात केला, माझ्या भावाची बाटली निर्दोष. कोर्टात ते टिकेलही. पण मी म्हणतो, बाटली आली नसती तर गूळ आला असता का? धडधाकट जनावराला औषध पाजायचंच कशाला? त्यावर ती म्हणाली, तुम्हाला माझ्या माहेरचं काहीच गोड लागत नाही. त्यावर मी तुमच्या घराण्याविषयी एक वाक्य बोललो. वाक्य लांब होतं. ते इथं लिहीत नाही, तुमच्या बहिणीची स्मरणशक्ती चांगली आहे.

तेव्हापासून मी मजेत आहे. गणपतीचे मोदक बारकूनं केले. देवानं ते घशाखाली कसे उतरवले त्याचं त्याला माहीत, पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही, मग मी तरी का करू? दोन्ही वेळा पिठलं असतं. सकाळी ते करपतं, संध्याकाळी कच्चं राहतं, म्हणजे दिवसाची सरासरी बरोबर येते. तुळशीला पाणी मीच घालतो. घर जरा खायला उठतं, पण ते जुनं घर आहे, त्याला सवयच आहे. मी वाकणार नाही, चिमाजीराव. हनुमानानं स्वतः येऊन डोंगर माझ्या दारात ठेवला तरी मी त्याला म्हणेन, मारुतीराया, आधी हा गाळून आण.

वहिनीसाहेबांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला, कुठल्याही बाटलीपुढं मान न तुकवणारा,
सावळीराम

ता. क. हे पत्र नवसाबाईला वाचून दाखवू नका. दाखवलंतच तर पिठल्यापाशी थांबा, तिला वाईट वाटेल. किंवा नका थांबू. वाटू दे थोडं.

दुसरा ता. क. मला खोटं पचत नाही. मागल्या मंगळवारी बारकूला बाजारात धाडून मी स्वतः एक चमचा संजीवनी टाकीत घातली. (गाळून.) घोटीपर्यंत नेऊन आणली. धूर तेवढाच, चाल तीच, आवाजही तोच, ना बरं ना वाईट. म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. तिची अटही पुरी झाली, हे तिला सांगा. पण आधी माझं म्हणणं खरं ठरलं ते सांगा.

तिसरा ता. क. येत्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला कांदा घेऊन तुमच्या चाळीपाशी येतो आहे. ड्रायव्हरशेजारची जागा मी रिकामी ठेवली आहे, पुसून वर सतरंजी घातली आहे. तिला म्हणावं, ते वाक्य मी परत घेतलं, लांब होतं तरी सबंध घेतलं. मला तिच्याशिवाय करमत नाही, हेही म्हणावं, नाहीतर राहू द्या, ते मी येऊन सांगेन. ती येऊन शेजारी बसल्याशिवाय लॉरी तुमच्या दारातून हलणार नाही. पोलीस बोलवा, रेल्वेचा साहेब बोलवा. उरलेल्या बाटल्या मी बरोबरच आणतो आहे, सगळ्याच्या सगळ्या टाकीत ओता. इंजिन चालू व्हायचं नाही.